विषय: राणीला साखर निघाली आहे, घरी इन्शुलिन दिलेल्यांचा अनुभव हवा

नमस्कार मंडळी,

आमची कुत्री राणी साडेदहा वर्षांची आहे, वजन १७ किलो. महिनाभर ती भसाभस पाणी पीत होती. रात्री दोन-तीनदा बाहेर न्यावं लागायचं, आणि जिने उभ्या आयुष्यात घरात कधी घाण केली नाही ती स्वयंपाकघरात लघवी करायला लागली. आम्ही वयावर ढकललं. खाणं वाढलं होतं, तरी पाठीचे मणके हाताला लागायला लागले तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. रक्तातली साखर ४६०, लघवीतही साखर.

आता रोज दोन वेळा इन्शुलिन, तेही जन्मभर. गोळ्यांवर भागणार नाही असं डॉक्टर म्हणाल्या. शिवाय राणीचं गर्भाशय काढलेलं नाही, तर ते ऑपरेशनही लवकर करून घ्या म्हणतात. या वयात भूल द्यायची? बायको सुईच्या नावानेच थरथरते. आई म्हणते, मुक्या जिवाला किती छळायचं.

काकूंनी त्यांच्या कुत्र्याचं, शेरूचं, सगळं घरी केलं होतं असं ऐकलं आहे. काकू, सुई टोचण्यापासून सांगा. आम्हाला काहीच माहीत नाही.

---

विषय: उत्तर: राणीला साखर निघाली आहे

अरे, तुझी मेल सकाळी वाचली आणि चहा तसाच राहिला. शेरूला जाऊन आता दोन वर्षं होतील. साखर निघाली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतर तो साडेचार वर्षं आमच्याबरोबर राहिला, आणि शेवटचा महिना सोडला तर मजेत राहिला.

म्हणून आधी आईंना सांग, छळ सुईने होत नाही, तहानेने होतो. साखर साधारण १८०-२०० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. ती लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना पाणी ओढून नेते. प्यायलेलं टिकत नाही आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. राणी भरल्या ताटावर उपाशी आहे. इन्शुलिन लागू पडायला लागलं की पाण्याचं भांडं दुपारीही अर्धं भरलेलं दिसेल. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भांड्यापाशी बसून रडले होते.

गोळ्यांबद्दल डॉक्टर बरोबर सांगतात. माणसांना उतारवयात जो डायबेटिस होतो त्यात शरीर थोडंफार इन्शुलिन बनवत असतं, म्हणून गोळ्या चालतात. कुत्र्यांत बहुतेक वेळा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच संपत आलेल्या असतात. कोणी काढा किंवा चूर्ण सुचवलं तर हात जोड आणि पुढे हो. या रोगाचं मूळ स्वादुपिंडात आहे हे १८८९ मध्ये उघड झालं तेच मुळी स्वादुपिंड काढलेल्या एका कुत्र्यामुळे. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्शुलिन वेगळं काढलं तेही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. आपल्या घरातली किती माणसं त्या औषधावर जगली! सिरिंज भरताना मला हे नेहमी आठवायचं. यांचं देणं आहे आपल्यावर.

ऑपरेशन वयाचं कारण देऊन टाळू नकोस. माज होऊन गेल्यावर मादीच्या अंगात दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन वाढलेलं असतं. त्याने ग्रोथ हॉर्मोन वाढतं, आणि मग इन्शुलिन कितीही दिलं तरी त्याचा जोर चालत नाही. दर माजाला डोस कोलमडणार आणि तुम्ही हैराण होणार. ऑपरेशन लवकर झालं तर क्वचित एखादीची साखर इन्शुलिनशिवायही आटोक्यात येते. त्या आशेवर बसू नकोस, पण निदान डोस तरी एका जागी टिकेल. शेवटचा माज कधी होऊन गेला ते आठवून डॉक्टरांना सांग.

आता सुई. ती केसासारखी बारीक असते. पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर सलाइन भरून दोन-तीनदा टोचून बघ, बायकोलाही बघू दे. मानेमागे टोचतात असं सगळे सांगतात, पण मला बरगड्यांच्या मागची बाजू सोपी गेली. कातडी चिमटीत धरून वर उचलली की खाली छोटा तंबू होतो, सुई त्या पोकळीत जायला हवी. सकाळी उजवी बाजू, संध्याकाळी डावी, आणि रोज जागा दोन बोटं पुढे-मागे. एकाच जागी टोचत राहिलं की कातडी जाड होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. टोचून झालं की तिथे बोट फिरवून बोटाचा वास घे. केस ओले लागले आणि दवाखान्यासारखा औषधी वास आला तर सुई कातडीतून आरपार जाऊन औषध केसांत सांडलंय. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं आणि किती सांडलं हे आपल्याला कळत नाही. हे वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखव.

खाणं आधी, सुई नंतर. दोन्ही वेळांत बारा तास, खाणं रोज तेच आणि मोजून तेवढंच. राणी जेवलीच नाही तर काय करायचं, हे आजच डॉक्टरांकडून लिहून घे. अर्धा डोस द्यायचा की अजिबात नाही, हे सकाळी सात वाजता घाबरलेल्या डोक्याने ठरवायचं नसतं.

सिरिंज घेताना दुकानातच वाच, यू-४० की यू-१००. कुत्र्यांसाठीचं इन्शुलिन बहुतेक वेळा यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. आम्ही दिलं ते डुकराच्या इन्शुलिनपासूनचं होतं, आणि डुकराचं व कुत्र्याचं इन्शुलिन हुबेहूब सारखं असतं. माणसांचं इन्शुलिन यू-१०० असतं, आपल्याकडे यू-४० सुद्धा मिळतं. यू-१०० इन्शुलिन चुकून यू-४० च्या सिरिंजने दिलं तर अडीचपट डोस जातो. जी बाटली तिचीच सिरिंज, यात तडजोड नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेव, पण मागच्या थंड भिंतीला चिकटून नको. एकदा गोठलं की इन्शुलिन वाया गेलं. आमची बाटली चांगली हलवून दुधासारखी एकसारखी करायची होती. काही इन्शुलिन नुसतं तळहातांत घोळवायचं असतं. तुझं कोणतं ते विचार.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. शेरूला सहा युनिट असायचे. एका संध्याकाळी सात वाजता मी दिले आणि वर जाऊन फोनवर बोलत बसले. हे कामावरून आले, शेरूचं रिकामं ताट पाहिलं, आणि मी विसरले असेन म्हणून यांनी पुन्हा सहा दिले. दहाच्या सुमाराला शेरू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हाक मारली तर वळेना. मागचे पाय थरथरत होते, मग ते आपोआप फाकत गेले आणि तो खाली बसला. तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं, "तू दिलंस?" "मी दिलं." मी बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला. दवाखान्यात पोचलो तेव्हा साखर ३८ होती. रात्रभर ग्लुकोजची सलाइन लावली होती. पहाटे त्याने मान उचलून शेपटी आपटली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर दोरीने वही आणि पेन टांगलं. ज्याने सुई टोचली त्याने सिरिंज खाली ठेवायच्या आधी लिहायचं: वेळ, खाणं, युनिट, बाजू. वहीत नसेल तर तोंडी विचारायचं, आणि तरीही शंका राहिली तर द्यायचं नाही. एक डोस चुकला तर साखर काही तास चढी राहील, तेवढं चालतं. दोनदा गेलेला डोस त्याच रात्री जीव घेऊ शकतो. चढी साखर महिनोन् महिने त्रास देते, पडलेली साखर तासाभरात.

साखर पडतेय हे ओळखायचं कसं? झोकांड्या, थरथर, भांबावलेली नजर, अचानक हावरेपणा, नाहीतर झटके. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर लगेच खायला घाल. नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळ. तोंडात ओतू नकोस, श्वासनलिकेत जाईल. झटका चालू असताना दातांमध्ये बोट घालू नकोस. मग डॉक्टरांना फोन, साखर सुधारली असं वाटलं तरी. आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही गोड तिच्या जवळपास नको. कुत्र्यांना ते विष आहे.

उलट्या होत असतील, जेवणावरून तोंड फिरवलं असेल, श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. ते कीटोन असतात, शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की रक्तात साचणारे. त्याच रात्री दवाखाना.

रात्री जागी असेन, कधीही फोन कर.
काकू

---

विषय: उत्तर: उत्तर: राणीला साखर निघाली आहे

काकूंच्या मेलमध्ये साखर मोजण्याचं राहिलं, म्हणून लिहितो. आमच्या कुत्र्याचं मी तीन वर्षं केलं.

रक्ताचा थेंब कानाच्या कडेवरून किंवा ओठाच्या आतल्या बाजूने मिळतो. कान आधी हातात धरून ऊबदार करा. माणसांचं मीटर कुत्र्यांत बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. प्राण्यांसाठीचं वेगळं मीटर मिळतं, ते घ्या. काही ठिकाणी आकडा दुसऱ्या एककात येतो, तुमचा ४६० तिथे २५ च्या आसपास दिसेल. १८ ने भागायचं. डॉक्टर एखाद्या दिवशी दर दोन तासांनी साखर बघायला सांगतील, तेव्हा खाणं आणि सुई नेहमीसारखीच ठेवा. साखर सतत मोजणारा, माणसं दंडावर लावतात तो सेन्सर आम्ही मानेजवळची जागा भादरून लावला होता. चौदा दिवसांचा म्हणून घेतला, नवव्या दिवशी निघाला, पण तेवढ्यात रात्रीची साखर कुठे जाते ते कळलं.

मात्र एका आकड्यावरून घरच्या घरी डोस बदलायचा नाही. आम्ही ती चूक केली आणि दोन आठवडे गोंधळ घातला. दिवसभर ८० ते २५० मध्ये फिरत असेल तर पुष्कळ झालं. कुत्र्याची साखर १०० पर्यंत खाली आणायचा हट्ट धरू नका.

रोजचं पाणी मोजा. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय. आमच्याकडे एकदा पाणी वाढलं ते दातातल्या पुवामुळे, एकदा लघवीतल्या जंतुसंसर्गामुळे, आणि एकदा खाजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे. कोणत्याही कारणाने कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य डायबेटिसचं.
काका

---

विषय: उत्तर: राणीला साखर निघाली आहे (डोळे)

काकू, काका, तुमच्या दोन्ही मेल छापून फ्रिजवर लावल्या आहेत, वहीच्या शेजारी. सुई मीच देतोय. पहिल्या दिवशी हात इतका कापत होता की राणीनेच माझा हात चाटला.

काल संध्याकाळी दिव्याखाली तिच्या डोळ्यात धूसर निळसर दिसलं. चेंडू तिच्या समोरून गेला आणि तिला तो दिसला नाही. मन लागत नाहीये. आम्ही उशिरा नेलं म्हणून झालं का?

---

विषय: उत्तर: राणीला साखर निघाली आहे (डोळे)

नाही रे, असं मनाला लावून घेऊ नकोस. साखर निघाल्यापासून वर्ष-सव्वा वर्षात बहुतेक कुत्र्यांना मोतीबिंदू होतो, काळजी घेतलेल्यांनाही. डोळ्याच्या भिंगात शिरलेल्या साखरेचं सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक पदार्थ) होतं. ते बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतं, भिंग फुगतं आणि पांढरं पडतं. कधीकधी चार दिवसांत.

पण या आठवड्यातच डोळ्यांच्या पशुवैद्यांना दाखव. पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्याच्या आत सूज येते, आणि ती बराच काळ राहिली की ऑपरेशनचा मार्ग बंद होतो. आमचं तसं झालं. शेरू म्हातारपणी थोडा मिचमिच करतो असं आम्ही म्हणत राहिलो, आणि तो तर डोळा दुखत असल्याने मिटत होता. डोळा लाल दिसला, पाणी आलं, मिचकावायला लागली, तर त्याच दिवशी जा.

शेरूचं दिसणं गेलं तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं. तो दोन आठवडे भिंतींना धडकला. मग आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीआधी काथ्याची पायपुसणी टाकली. पंजाखाली खरखरीत लागलं की तो थांबायचा, एक पाय पुढे करून हवेत चाचपायचा, पायरी सापडली की सावकाश उतरायचा. पाण्याच्या भांड्याखाली रबराची चटई टाकली. खुर्च्या जागच्या हलवायच्या नाहीत असं ठरवलं, आणि पाहुण्यांनाही ते सांगायला मी कधी लाजले नाही. हात लावायच्या आधी त्याचं नाव घ्यायचं, सुईच्या वेळी तर नक्कीच. महिन्याभरात तो दार उघडल्याचा आवाज ऐकून माझ्याआधी दाराशी.

पुढच्या महिन्यात तुम्हाला कुठे जायचं असेल तर राणीला माझ्याकडे ठेव. तिची वही आणि तिचं खाणं मात्र मोजून पाठव.
काकू

---

विषय: उत्तर: राणीला साखर निघाली आहे

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय.

राणीचं ऑपरेशन झालं, टाके निघाले. त्या दिवशी सकाळच्या सुईचं काय करायचं ते डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं, म्हणून गडबड झाली नाही. डोस नंतर थोडा कमी करावा लागला. पाणी दिवसाला २.९ लिटर होतं ते १.१ वर आलंय. वजन अर्धा किलो वाढलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सूज कमी करायचे थेंब दिलेत, साखर अशीच राहिली तर मोतीबिंदू काढता येईल म्हणाले. तोवर पायपुसणी टाकली आहे. काथ्याचीच.

काल मला कामावरून यायला उशीर झाला. वाटेत फोन करत होतो, कोणी उचलेना. घरी येऊन आधी फ्रिजकडे गेलो. वहीत बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं: ७.०५, सगळं खाल्लं, ५ युनिट, डावी बाजू, केस कोरडे.