मस्कतच्या डोंगरावर विजा चमकतात, मग शहरात पाऊस का पडत नाही?

गुहागरकर (मस्कत) यांचा प्रश्न

आम्ही दोन वर्षांपासून मस्कतच्या सीब भागात राहतो. माझे माहेर गुहागरजवळचे असल्यामुळे जून उजाडला की पावसाची वाट पाहण्याची सवय अंगात मुरलेली आहे, आणि इथे नेमक्या त्याच महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागतो. त्यातही दमटपणा असा की रात्री नऊ वाजता वातानुकूलित खोलीतून गॅलरीत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. जुलैमध्ये मात्र आठवड्यातून तीन-चार दिवस एक दृश्य हमखास दिसते. दुपारी दोननंतर नैऋत्येला ‘हजर’ नावाच्या पर्वताच्या माथ्यावर पांढरे ढग उभे राहतात, चारपर्यंत ते काळवंडतात आणि अंधार पडल्यावर गच्चीवरून विजाही दिसतात. शहरात मात्र एक थेंब पडत नाही. हा आपल्याकडच्याच मान्सूनचा पाऊस आहे का, आणि तो किनाऱ्यापर्यंत का येत नाही, हे कोणी समजावून सांगेल का? येत्या सुट्टीत मुलांना घेऊन एखाद्या वादीत (डोंगरातल्या, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात) सहलीला जाण्याचा विचार आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

भूगोलप्रेमी (पुणे) यांचे उत्तर

मान्सूनशी या हवेचा संबंध आहे, पण तो आपण समजतो त्याच्या उलट बाजूने आहे. जून ते सप्टेंबर या काळात भारतावर आणि बंगालच्या उपसागरावर पावसाच्या निमित्ताने जी प्रचंड हवा वर चढते, तिच्यामुळे पश्चिमेकडे, म्हणजे अरबस्तान, इराण आणि पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरात, वरची हवा खाली उतरू लागते. रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हे गणिती प्रारूपाने दाखवून दिले. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या दमट हवेवर जणू झाकण बसते. समुद्राची वाफ भरपूर असूनही ती वर चढू शकत नाही, म्हणून मस्कतला घाम मिळतो, पाऊस मिळत नाही. गुहागरला आषाढात झड लागते तेव्हा तुमच्याकडे आकाश कोरडे असते, याचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे.

हे झाकण फुटते ते फक्त डोंगरावर. हजर पर्वताचे सर्वोच्च शिखर जबल शम्स सुमारे ३००० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यावरून कल्पना यावी. सकाळपासून उघडे कातळ तापतात, ओमानच्या आखातावरून खारे वारे उतार चढू लागतात, पलीकडच्या बाजूनेही वाळवंटातली तापलेली हवा वर येते आणि माथ्याजवळ दोन्हींची गाठ पडते. त्या वेळी मधल्या थरात पूर्वेकडून मान्सूनचा ओलावा आलेला असेल, तर तासा-दीड तासात ऐरणीसारख्या माथ्याचा ढग तयार होतो. स्वभावाने हा पाऊस आपल्या देशावरच्या वळवासारखा आहे: दुपारी उठणारा, गडगडाट, वारा आणि कधी गारा घेऊन येणारा, आणि एका गावाला भिजवून शेजारच्याला कोरडे ठेवणारा.

इब्रीवाला (ओमान) यांचे उत्तर

मी पर्वताच्या पलीकडच्या, वाळवंटाच्या बाजूला बांधकामावर अभियंता आहे, त्यामुळे तुम्हाला मागून दिसणारे ते ढग आमच्या समोर येतात. या दिवसांत वरचे वारे बहुधा पूर्वेकडून वाहत असल्याने ते ढगांना आमच्याकडे ढकलतात, हेही तुमच्याकडे पाऊस न येण्याचे एक कारण आहे. आमच्याकडे तरी तो पुरता कुठे पोचतो? खालची हवा इतकी कोरडी असते की पावसाच्या धारा ढगातून लोंबताना दिसतात आणि जमिनीला लागण्याआधीच विरून जातात. त्या बाष्पीभवनाने हवा गार व जड होऊन जोरात खाली आदळते, आणि आम्हाला प्रथम दिसते ती धुळीची भिंत. ती आली की क्रेन आणि परांचीवरची कामे ताबडतोब थांबवावी लागतात. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम कायद्यानेच बंद असते. पण ही वादळे नेमकी त्यानंतर, मजूर पुन्हा कामावर चढल्यावर येतात, म्हणून मी तीन वाजल्यापासून पूर्वेकडचे आकाश पाहतच असतो.

वादीबद्दल कळकळीने सांगतो. एकदा आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते, ढग दूर डोंगरावर होते. तासाभराने आधी गोटे घरंगळण्याचा आवाज आला आणि मग कोरड्या पात्रातून तपकिरी पाण्याचा लोंढा उतरला. उघड्या खडकावर पाणी मुरतच नाही, त्यामुळे चाळीस किलोमीटर दूरचा पाऊसही तुमच्या पायाशी येतो. दुपारनंतर मुलांना पात्रात उतरवू नका, आणि पाणी वाहत असलेल्या वादीत गाडी कधीही घालू नका. तसे करणे इथे गुन्हा आहे, आणि तो नियम अनेक जीव गेल्यानंतर कडक झालेला आहे.

गुहागरकर (मस्कत)

दोघांचेही मनापासून आभार. सहल पहाटे काढून दहाच्या आत परतण्याचे ठरवले आहे. आणखी एक शंका आहे. ओमानच्या दक्षिण टोकाकडच्या सलालाला याच दिवसांत पाऊस असतो आणि हवा गार असते म्हणतात. मग तिथे झाकण नाही का?

सूरकर (ओमान) यांचे उत्तर

तिथेही झाकण आहे, आणि तेच महत्त्वाचे आहे. नैऋत्य मान्सूनचे जोरदार वारे धोफारच्या, म्हणजे सलाला ज्या प्रांतात आहे त्याच्या, किनाऱ्यालगतचे पाणी बाहेर ढकलतात आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. त्यावरून आलेली गार, ओली हवा डोंगराला टेकते, तिचे धुके होते; पण वर तापलेला कोरडा थर असल्यामुळे ढग उंच वाढू शकत नाही. म्हणून जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच्या ‘खरीफ’मध्ये सलालाला विजा नसतात, फक्त भुरभुर असते. झाडांच्या पानांवर धुके जमून टपकते, त्यावरच तिथले डोंगर हिरवे होतात. (आपल्या खरीप हंगामाचे नावही याच अरबी शब्दावरून आले आहे.) डोंगर ओलांडून थुमरैतला उतरलात की पुन्हा रखरखीत वाळवंट लागते.

भूगोलप्रेमींच्या उत्तरात एक भर घालतो. डोंगर केवळ पाऊस पाडत नाही, उष्णताही वाढवतो. वाळवंटातून ‘घर्बी’, म्हणजे पश्चिमेचा वारा सुटला की ती हवा हजरच्या उतारावरून किनाऱ्याकडे घसरते आणि दर किलोमीटर उतरणीला जवळपास दहा अंशांनी तापते. मस्कतच्या आग्नेयेला कुरियात येथे २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांतले किमान तापमान ४२.६ अंश नोंदले गेले. म्हणजे पहाटेसुद्धा पारा त्याखाली उतरला नाही. अशा रात्री खारे वारे पोचतच नाहीत. तेव्हा मस्कतमध्ये संध्याकाळी दमटपणा एकाएकी कमी झाला आणि पश्चिमेकडून कोरडा झोत येऊ लागला, तर ते हायसे वाटण्याचे लक्षण समजू नका. खिडक्या बंद ठेवा आणि घरातल्या वृद्धांकडे व लहान मुलांकडे रात्रभर लक्ष असू द्या.