एकच मैदान, दोन दिवस, आठ संघ : 12 वर्षांखालील बेसबॉल स्पर्धा बसेल का?

खाडीकाठ :
मंडळातर्फे जानेवारीत एका शनिवार-रविवारी गुहागरजवळ 12 वर्षांखालील मुलांची बेसबॉल स्पर्धा घ्यायची आहे. मैदान शाळेचं, जांभ्याचं, वर मातीचा पातळ थर. आठ संघांनी नावं दिलीत. मुलं मूळची टेनिस बॉल क्रिकेटमधली. गट कसे पाडावेत? आखणी कशी करायची? बॅकस्टॉपसाठी (बॅटरच्या मागे चेंडू अडवणारा आडोसा) विकतची जाळी परवडणार नाही.

तिसरा_बेस :
आठ नकोत, सहा घ्या. आठ संघांचे दोन गट केले तर साखळीतच 12 सामने जातात. सहा संघांचे तीन-तीनचे दोन गट केले की साखळीचे 6, तिसऱ्या क्रमांकाचा 1 आणि अंतिम 1. रोज चार सामने : 8, 10, 2 आणि 4 वाजता. सामना सहा इनिंगचा (दोन्ही संघांची एकेक फलंदाजी म्हणजे एक इनिंग), पण दीड तास झाल्यावर नवी इनिंग नाही. चार इनिंगनंतर 10 धावांची आघाडी असेल तर तिथेच थांबवा.

खरी अडचण मैदानाची नाही, पिचरची म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याची आहे; त्याने टाकलेला प्रत्येक चेंडू म्हणजे एक पिच. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमात 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 पिच, 9-10 वर्षांच्याला 75. त्यातही 20 पर्यंत पिच टाकले तरच दुसऱ्या दिवशी टाकता येतात. 21 ते 35 झाले की एक दिवस विश्रांती, 36 ते 50 ला दोन. म्हणजे शनिवारी 21वा पिच टाकणारा मुलगा रविवारी पिचिंगला नाहीच. एका इनिंगला 15-20 पिच सहज जातात, त्यामुळे प्रत्येक संघाकडे निदान पाच पिचर हवेत आणि ते प्रवेशअर्जातच लिहून घ्या. 41 पिच टाकलेल्याला त्या दिवशी कॅचर (बॅटरमागे चेंडू पकडणारा) करायचं नाही, हाताला तोच ताण पडतो. पिच मोजणारा माणूस स्कोअररपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत दोन्ही आकडे चुकलेले असतात.

सडेवाला :
आखणी : होमच्या (बॅटर जिच्याजवळ उभा राहतो ती पाटी) मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत 84 फूट 10 इंच सरळ टेप ताणा. मग होमपासून 60 फूट आणि दुसऱ्या बेसपासून 60 फूट अशा दोन टेप जिथे मिळतात तिथे पहिला बेस, उलट बाजूला तिसरा. पिचरची पट्टी 46 फुटांवर, मोजायचं होमच्या त्याच टोकापासून पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत.

होम समुद्राच्या बाजूला घ्या, बॅटरचं तोंड पूर्व-ईशान्येला. संध्याकाळचं ऊन त्याच्या पाठीवर येतं. त्रास सेंटर फील्डरला (दुसऱ्या बेसच्या मागे लांब उभा असलेला) होतो, कारण 4 च्या सामन्यात तो थेट मावळतीकडे बघतो, शिवाय दुपारनंतर खारा वारा उंच चेंडू त्याच्या डोक्यावरून नेतो. टोपी सक्तीची करा.

उघड्या जांभ्यावर स्लाइड (घसरत बेस गाठणं) म्हणजे मांडी सोलून निघणार. दुसऱ्या-तिसऱ्या बेसभोवती आणि होमजवळ 10 फुटांपर्यंत खडे वेचून तीन इंच चाळलेली माती टाका, आदल्या संध्याकाळी पाणी मारा. पहिल्या बेसला जोडबेस (पांढरा आणि नारिंगी असे दोन भाग शेजारी) लावा, धावणारा नारिंगी भागावर पाय देईल आणि फील्डरच्या घोट्यावर पडणार नाही. रेषांसाठी फक्की कळीच्या चुन्याची नको, डोळ्यात गेली तर भाजते. संगमरवराची पावडर घ्या.

फाउल_लाइन :
बॅकस्टॉपला बंदरावरचं जुनं मासेमारीचं जाळं चालतं. चेंडूचा व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आत असतो, तेव्हा आस (जाळ्याचं छिद्र) चार सेंटिमीटरहून मोठा नको. उन्हाने कुजलेलं नायलॉन बोटांनी तुटतं, म्हणून हातभर तुकडा ओढून बघूनच घ्या. होमच्या मागे 20-25 फुटांवर सुरूच्या बल्ल्या रोवा आणि जाळं सैल सोडा. ताणून बांधलं तर चेंडू उसळून कॅचरच्या पाठीत येतो.

क्रिकेटची मुलं बॅट हातात घेऊन धावतात, किंवा मारल्यावर ती भिरकावतात. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा आउट, असा स्थानिक नियम आधीच छापून द्या. क्रिकेटचं हेल्मेट नको, दोन्ही कान झाकणारंच हवं. बॅटर, पुढचा बॅटर आणि तिन्ही बेसवरचे धावपटू मिळून पाच, एक जादा धरून संघामागे सहा.

खाडीकाठ :
तीन संघांच्या गटात सगळ्यांचा एकेक विजय झाला तर?

तिसरा_बेस :
खाल्लेल्या धावा भागिले फील्डिंग केलेल्या इनिंग. ज्याचा आकडा सर्वात कमी, तो वर. धावफरक लावू नका, दुबळ्या संघाला उगाच कुटत बसतात. बाकीच्या दोन संघांना शुक्रवारी दुपारी मैत्रीपूर्ण सामना द्या. तुमचा जाळ्याचा आणि मातीचा कस तेव्हाच कळेल.