मदत हवी आहे : 'हॅम्लेट'मधील स्वगत आणि त्याची चित्रपटरूपे

नमस्कार. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात राजपुत्र हॅम्लेट जगावे की मरावे यावर जे 'टू बी ऑर नॉट टू बी' हे स्वगत बोलतो, त्याच्या चित्रपटरूपांवर आमच्या वाचनगटात मला बोलायचे आहे आणि एका मुद्द्यावर मी अडले आहे.

लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी १९४८ च्या चित्रपटात हे स्वगत हॅम्लेटच्या प्रेयसीशी, ऑफिलियाशी, झालेल्या भांडणानंतर नेले. त्यामुळे उसळत्या समुद्रावरच्या कड्यावर कट्यार हातात घेऊन बसलेला, काही ओळी ओठ न हलवता नुसत्या मनातल्या मनात बोलणारा हॅम्लेट मला प्रेमात दुखावलेला वाटतो. केनेथ ब्राना यांनी १९९६ मध्ये नाटकाचा रूढ क्रम (आधी स्वगत, मग भांडण) पाळला आणि हॅम्लेटला अशा आरशासमोर उभे केले, ज्यामागे त्याचा काका राजा क्लॉडिअस आणि राजाचा सल्लागार पोलोनिअस लपलेले आहेत. हॅम्लेट कट्यार उपसतो तेव्हा आरशामागचा क्लॉडिअस दचकतो. तो क्षण प्रभावी आहेच, पण तिथे चिंतनाची जागा धमकी घेते, असे माझे मत आहे.

माझी अडचण अशी की, ऑफिलिया दिसेपर्यंत या स्वगतात 'मी' हा शब्द एकदाही येत नाही. बोलणे साऱ्या माणसांविषयी आहे. मग कॅमेरा एकाच चेहऱ्याच्या इतक्या जवळ गेल्यावर ते सर्वांचे कसे राहते? ग्रिगोरी कोझिन्त्सेव यांच्या १९६४ च्या रशियन चित्रपटातील खडकाळ किनाऱ्यावरचा हॅम्लेट या दृष्टीने कोणी बारकाईने पाहिला आहे का? क्रम बदलल्याने अर्थ किती बदलतो, यावरही जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.