मदत हवी आहे: रानडुकराच्या शिकारीसाठी रिव्हॉल्वर, .४४ मॅग्नम की .४५४ कॅसुल?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, शेती काटोलकडे. प्रश्न माझ्या भाच्यासाठी आहे. तो टेक्सासमध्ये राहतो, तिथला नागरिक आहे आणि ओळखीच्या एका रँचवर रानडुकरं मारायला जातो. आजवर रायफल वापरली, आता रिव्हॉल्वर घ्यायचंय. माझ्याकडे लायसनचं, कानपूरला बनलेलं .३२ रिव्हॉल्वर आहे (आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात), म्हणून "मामा, तुम्हीच सांगा" असं त्याने धरून ठेवलंय. पण .३२ च्या अनुभवावर एवढ्या जाड गोळीच्या रिव्हॉल्वरचा सल्ला द्यायला मन धजत नाही.

कायद्याचं आधीच लिहितो, नाहीतर धागा तिकडेच वळेल. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे. डुकरांनी रात्रीतून हरभरा लोळवला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही, त्यामुळे इथे वापरायचा विषयच नाही. टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाची संमती असेल तर रानडुकरासाठी शिकारीचं लायसनही लागत नाही.

माझी काळजी एकच आहे, जनावर जखमी होऊन झुडपात शिरता कामा नये. आमच्या धुऱ्याजवळच्या रस्त्यावर गाडीखाली आलेल्या एका मोठ्या नराचा पंचनामा चालू होता, तेव्हा मी हात लावून पाहिलं. खांद्यावर कातडीखाली टायरसारखा कडक, जाड थर होता. माझ्या .३२ ची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतली, वेगही बेताचा. अशा नरावर तिचा काय निभाव लागणार! .४४ मॅग्नमची नेहमीची २४० ग्रेनची गोळी म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, आणि लांब नळीतून वेग सेकंदाला १,३०० फुटांच्या आसपास. डुकरांना मका टाकणाऱ्या फीडरपासून त्याची बसायची जागा ४०-५० यार्डांवर आहे. तेवढ्यावर हे पुरेसं आहे असं माझं मत.

भाच्याचा जीव मात्र .५०० स्मिथ अँड वेसनवर जडलाय. २००३ साली आलेलं हे काडतूस ताकदीला प्रचंड आहे, पण लांब नळीचं ते रिव्हॉल्वर दोन किलोच्या घरात जातं. त्यातून एका बैठकीत किती गोळ्या नीट मारता येतील? धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच हात दचकायला लागला की ती सवय सुटता सुटत नाही, हे मी रेंजवर चांगल्या चांगल्यांच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून ते मी बाजूलाच ठेवलंय. राहिली दोन, रूगर कंपनीचं सुपर रेडहॉक .४४ मध्ये किंवा तेच .४५४ मध्ये. .४४ मध्ये सरावाला मऊ .४४ स्पेशल चालतं, .४५४ मध्ये .४५ कोल्ट. दोन्हीकडे सोय सारखीच. आखूड काडतुसं फार मारली की सिलिंडरच्या घरात काजळीचं कडं साचतं आणि लांब काडतूस अडतं, ते साफ करायला त्याला सांगितलंय. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम वायू बाजूला उडतो, म्हणून आधाराच्या हाताची बोटं तिथे कधीच न्यायची नाहीत, हेही बजावलंय.

आता जे तिकडे प्रत्यक्ष वापरतात त्यांनी सांगावं:

डुकरासाठी .४५४ चा जास्तीचा धक्का सोसण्याइतका फायदा दिसतो का? की .४४ मध्येच कठीण शिशाची, सपाट टोकाची जड गोळी घ्यावी? लागल्यावर पसरणारी (फुलणारी) गोळी त्या खांद्यात वरच्यावर अडकेल अशी मला धास्ती वाटते.

रूगरचंच सिंगल ॲक्शन (दरवेळी घोडा हाताने ओढावा लागणारं) सुपर ब्लॅकहॉक स्वस्त आणि हलकं आहे. त्याची मूठ धक्क्याने हातात वर फिरते आणि काहींना तेच सोसायला सोपं जातं म्हणे. पण जखमी डुक्कर अंगावर आलं तर दरवेळी घोडा मागे ओढत बसणं बरं का? मला डबल ॲक्शनच पटतं, त्यात नुसता चाप ओढला की गोळी सुटते.

नळी साडेसात इंचच ठेवावी की कमी? आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात नळीच्या टोकावरची साधी माशी (नेम धरायची खूण) दिसते का, की रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच, लावावाच लागतो? भाच्याला चष्मा आहे.

पुढच्या महिन्यात तो दुकानात जाणार आहे, त्याआधी उत्तरं आली तर फार बरं होईल.