शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर आईला चावला, खर्च कोण देणार?

प्रश्न: जिन्यातच पोटरी धरली. पट्टा होता, पण त्यांच्या दाराच्या कडीला लटकलेला! काका म्हणतात, "तो खेळत होता हो." इंजेक्शनं, रिक्षा धरून सहा हजार गेले. काय करता येईल?

उत्तर १: एकही डोस चुकवू नका. पोलिसांत तक्रार द्या. भारतीय न्याय संहिता, कलम २९१: सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

उत्तर २: दंड सहसा सरकारजमा होतो. भरपाईसाठी वकिलाची नोटीस, नाहीतर दिवाणी दावा. केसपेपर, बिलं, जखमेचे फोटो जपा. आमचं नोटिशीवरच मिटलं.

उत्तर ३: दाताच्या खुणेमागे १०,००० मिळतात ना?

उत्तर २: तो २०२३ चा पंजाब-हरियाणा हायकोर्टाचा निकाल, भटक्या जनावरांबाबत. शेजाऱ्यांच्या लाडक्याला नाही.

प्रश्नकर्ती: खुणा चार आहेत, मोजल्या होत्या मी! असो, नोटीस पाठवते.