ऐन स्पर्धेच्या तोंडावर संघ सोडला : पोरगं चुकलं का?

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या इथल्या रग्बीच्या पोरांत एक हुकर होता. वय 19, वडील कुपवाडच्या कारखान्यात. राज्य स्पर्धा तोंडावर आलेली आणि मुंबईच्या एका क्लबनं त्याला बोलावलं. राहण्याखाण्याची सोय, वर दरमहा मानधन. गडी दुसऱ्या दिवशी गेला. सरांना फोन केला तो एसटीत बसल्यावर!

माझं मत, चुकलंच. जायला ना नाही, पण असं? ज्यांना रग्बी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो पुन्हा खेळात टाकतात, त्याला लाइनआउट म्हणतात. तिथं चेंडू आत टाकतो तो हुकर. दोघं जण उडी मारणाऱ्याला मांड्यांना धरून वर उचलतात. तो पार वर पोचला की क्षणभरच तिथं टिकतो, चेंडू नेमका तेव्हा त्याच्या हातात पडला पाहिजे. आधी खुणेचा शब्द ओरडायचा, त्यावरून पुढं उचलायचं की मागं ते ठरतं. हे महिनोन्‌महिने पहाटे उठून घोटलेलं असतं. आता बदली पोरगं टाकतंय, तर उडणारा खाली आल्यावर चेंडू पोचतो, नाहीतर सरळ समोरच्यांच्या हातात. सेव्हन्स या रग्बीच्या छोट्या प्रकारात गडीच सात. एक गेला की सगळी घडी विस्कटते. बाकीच्या पोरांनी काय घोडं मारलं होतं?

विश्रामबागवाला
वडील कारखान्यात आहेत हे तुम्हीच लिहिलंत आणि पुढच्याच ओळीला विसरलात. संघानं त्याला काय दिलं हो? सरावानंतर दोन केळी आणि एक जर्सी, तीही स्पर्धा झाली की धुऊन परत!

निष्ठा म्हणे. इंग्लंडात बघा. वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन्ही रग्बी क्लब 2022 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पैशापायी बसले. ऐन हंगामात खेळाडूंचे करार संपले, घराचे हप्ते डोक्यावर. पुढच्या वर्षी लंडन आयरिशचंही तेच. तिथं कुणी क्लबला गद्दार म्हटलं का? 'आर्थिक अडचण' म्हणाले. अडचण क्लबलाच येते, खेळाडूच्या घरी येत नाही वाटतं.

कृष्णाकाठ (सांगली)
मालकांनी बुडवलं त्याचं खापर बरोबर खेळणाऱ्या पोरांवर कशाला? मी संघाबद्दल बोलतोय, कचेरीबद्दल नाही.

आणि मोठी माणसं कशी गेली तेही बघा की. इंग्लंडचा रग्बीपटू जॉनी विल्किन्सन न्यूकासल क्लबला बारा वर्षं खेळला, 2009 मध्ये हंगाम आटोपल्यावर फ्रान्सच्या तूलाँला गेला. इंग्लंडच्याच ओवेन फॅरेलनं 2024 च्या जानेवारीत सांगून टाकलं की आपण फ्रान्सला चाललो, पण सॅरासन्स या आपल्या क्लबकडून तो हंगाम पुरा खेळला. पैसा दोघांनीही घेतला, मला त्याचं वावडं नाही. पण ताटावरून उठून गेले नाहीत.

मिरज जंक्शन
फॅरेलला पुढच्या हंगामाचं पत्र हातात होतं, म्हणून तो थांबू शकला. आपल्या पोराला "दोन दिवसांत ये, नाहीतर दुसरा घेतो" असं सांगितलं असणार. थांबणं हीसुद्धा श्रीमंती आहे दादा.

जाता जाता सांगलीचंच सांगतो. विजय हजारे सांगलीत जन्मले. 1939-40 च्या रणजीत महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 ठोकल्या आणि पुढं गेले कुठं, तर त्याच बडोद्याला! 1946-47 च्या अंतिम सामन्यात बडोद्याकडूनच होळकर संघाविरुद्ध 288. तिथं त्यांना संस्थानचा आश्रय होता, पोटाची चिंता नव्हती. आज सांगलीत कुणी त्यांना गद्दार म्हणून दाखवा बरं. उलट 'आमचे हजारे' म्हणूनच मिरवतो आपण.

कराडची_सून
माझा नवरा विद्यापीठाकडून खेळलाय, रग्बी नाही, कबड्डी. एका स्पर्धेत गुडघा गेला. संघाची पोरं दोन दिवस दवाखान्यात येत होती, नंतर ज्याची त्याची परीक्षा, ज्याची त्याची नोकरी. राग नाही कुणावर. पण ऑपरेशनचे पैसे सासऱ्यांनी म्हैस विकून भरले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळं 19 वर्षांच्या पोरानं मानधन बघितलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

तरी फोन एसटीत बसल्यावर केला हे काही पटलं नाही. आदल्या रात्री सरांच्या दारात जाऊन सांगायला काय पैसे पडत होते?

विश्रामबागवाला
दारात गेला असता तर सोडलं असतं का ताई? चार जण जमले असते, 'गावाचं नाव', 'सरांचं ऋण' सुरू झालं असतं. पोरगं रडत घरी, आणि मुंबईची जागा दुसऱ्याला.

निष्ठा हवी तर आधी पोसा. आयर्लंडमध्ये राष्ट्रीय संघटना मोठ्या खेळाडूंशी स्वतः करार करते, म्हणून बहुतेक जण घरीच टिकतात. तरी 2013 मध्ये त्यांचा जॉनी सेक्स्टन पॅरिसच्या क्लबला गेलाच. दोन वर्षांनी परत आला तर लेन्स्टरनं, त्याच्या जुन्या संघानं, दार लावून घेतलं नाही.

तालमीतला
सगळे त्या पोरामागं लागलाय. मुंबईच्या क्लबला कुणी काही विचारलं का? राज्य स्पर्धा कधी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं व्हय? दोन आठवडे थांबले असते तर काय आभाळ कोसळत होतं?

फुटबॉलात फिफाचा नियम आहे. खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून दुसरीकडं गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून जातात. तसलं काहीतरी इथं आणा. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, आपल्याकडं रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली, सहा संघ, पैसा येतोय. उद्या अजून पोरं उचलली जाणार. दर वेळी अशीच भांडणं करत बसणार का?

कृष्णाकाठ (सांगली)
पाच टक्के कशाचे? एसटीच्या तिकिटाचे? मानधनाचा आकडा ऐकाल तर हसाल.

पण क्लबनं सरांना एक फोन करायला पाहिजे होता, हे मान्य. पोराचं मात्र मी अजूनही चुकलंच म्हणतो. बदली हुकर उद्यापासून पाचला येतोय, उचलायला कुणी रिकामा असेल तर या. दोन जण कमी पडताहेत.

विश्रामबागवाला
येतो. पण उद्या या बदली पोरालाही मुंबईहून बोलावणं आलं तर मी त्याचीच बाजू घेणार, आधीच सांगून ठेवतो.