मदत हवी आहे: घरी बांधलेल्या पहिल्याच मासेमारीच्या रॉडचे इपॉक्सी ओघळले, खरवडावे की वरून दुसरा हात द्यावा?

नमस्कार.

मी रत्नागिरीत राहतो आणि गेली बारा-तेरा वर्षे भाट्याच्या खाडीत आणि मिऱ्याच्या बंधाऱ्यावरून हौसेने गरवतो. आजोबांच्या हाताखाली माणग्याच्या (बांबूच्या) काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बांधून मुडदुशे काढण्यापासून सुरुवात झाली, पुढे बाजारात तयार मिळणारे रॉड आणि रीळ आले, आणि यंदा पावसाळ्यात हाताशी वेळ असल्यामुळे प्रथमच स्वतःचा रॉड स्वतः बांधायला घेतला. ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी, ग्रॅफाइटचा, दहा फुटी, दोन तुकड्यांचा आणि २० ते ६० ग्रॅम वजन फेकण्यासाठीचा आहे. रीळ ५००० आकाराचे असून त्यावर ३० पौंडांची विणलेली दोरी आहे. खाडीच्या तोंडाशी जिताडा आणि खडकांत तांबोशी एवढीच अपेक्षा आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे १९ ऑगस्टपर्यंत, रॉड तयार व्हावा असा बेत होता. तो आता अडला आहे.

काय झाले ते लाजत का होईना पण सविस्तर सांगतो, कारण चूक कुठे झाली हे कळल्याशिवाय उपाय सांगणे आपल्यालाही कठीण जाईल.

टिप-टॉप (रॉडच्या टोकाचे कडे) धरून नऊ गाईड, म्हणजे दोरी ओवण्याची कडी, आहेत. टिप-टॉप चिकटवलेले होते आणि उरलेल्या आठांना ब्लँकवर बांधणारी नायलॉनच्या दोऱ्याची गुंडाळी २९ जून २०२४ च्या दुपारपर्यंत पूर्ण झाली होती. त्या दिवशी वद्य अष्टमी, म्हणजे पाणी भांगाचे (भरती-ओहोटी कमी), त्यात दिवसभर पाऊस. त्यामुळे बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता आणि रात्री टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सामना संपल्यावर निवांतपणे गुंडाळीवर इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारा लेप) लावावे असे ठरवले होते. पण दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या आहेत, सहा गडी शिल्लक आहेत आणि क्लासेन मैदानात उभा आहे, हे पाहिल्यावर सामना हातचा गेला असे मी मनाशी ठरवून टाकले, टीव्हीचा आवाज बंद केला आणि जेवणाच्या टेबलावर इपॉक्सी कालवायला बसलो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या दोन सिरिंजांनी दोन्ही भाग अंदाजे दीड-दीड मिलिलिटर घेतले, चहाच्या कागदी कपात ढवळले आणि रीळ सीटच्या (रीळ बसवण्याच्या जागेच्या) बाजूने सुरुवात करून टोकाकडे एकेक गाईड रंगवत गेलो. शेवटच्या दोन गाईडांना माल कमी पडला म्हणून कपाच्या कडा खरवडून लावला. फिरवायला मोटर नसल्यामुळे दोन पुठ्ठ्यांच्या खाचांत रॉड आडवा ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी हाताने फिरवायचा असे ठरवले होते.

पुढचे आपण जाणताच. पंड्याने क्लासेनला बाद केले, मी उठलो. बुमराहच्या षटकाला उभाच होतो. शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला तेव्हा मी घराबाहेर पायरीवर होतो आणि शेजारच्या काकांना मिठी मारत होतो. रॉडची आठवण झाली तोपर्यंत पाऊण तास उलटला होता.

आजची स्थिती अशी आहे. रिळाजवळच्या पहिल्या तीन गाईडांखाली थेंबासारखा फुगवटा घट्ट झाला आहे. मधल्या तीन गाईडांवर पांढुरका धूसर थर दिसतो, जणू काचेवर श्वास सोडावा तसा. टोकाकडच्या शेवटच्या दोन गाईडांवर दोन आठवडे झाले तरी बोट चिकटते आणि ठसा उमटतो.

दुसरी तक्रार वेगळीच आहे. पाऊस थांबलेला पाहून भाट्याच्या वाळूत ४० ग्रॅमचे शिसे बांधून फेकून पाहिले. जुन्या रॉडपेक्षा पंधरा-वीस पावले कमीच गेले आणि फेकताना दोरी ब्लँकवर फटफट आपटल्याचा आवाज येत होता. पहिले गाईड मी रिळाच्या फिरकीच्या (दोरी गुंडाळलेल्या भागाच्या) तोंडापासून ५५ सेंटिमीटरवर ठेवले आहे. हे माप एका व्हिडिओतील तक्त्यावरून घेतले होते.

तर सगळे खरवडून पुन्हा बांधावे की वरून दुसरा हात देऊन निभावेल, आणि पहिल्या गाईडची जागा कशी ठरवावी, एवढे कृपया सांगावे.

— खाजणवाट


तंगूस यांचा प्रतिसाद

आपण गाईडांचा क्रम लिहिलात हे फार बरे केलेत, कारण त्या क्रमातच अर्धे उत्तर आहे. आपल्याला हा एकच बिघाड वाटतो आहे, पण ते तीन निरनिराळे दोष आहेत आणि त्यांतला फक्त एकच सूर्यकुमारच्या नावावर टाकता येईल.

फुगवटा हा रॉड स्थिर राहिल्यामुळे आला. तो पहिल्या तीन गाईडांवरच का, तर तिथली गाईडे मोठी, गुंडाळी लांब आणि म्हणून मालही जास्त बसतो. हा दोष केवळ दिसण्यापुरता आहे.

शेवटच्या दोन गाईडांवरचा चिकटपणा थांबण्यामुळे आलेला नाही. कपाच्या कडेला आणि तळाला लागलेला माल कधीच नीट मिसळलेला नसतो, आणि आपण नेमका तोच खरवडून लावलात. इपॉक्सीचे दोन भाग एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात जोडले गेले तरच ते घट्ट होते. जिथे एक भाग जास्त राहिला तिथे ते दोन आठवड्यांनी काय, दोन वर्षांनीही वाळणार नाही. त्यातून दीड मिलिलिटर हे माप फारच लहान आहे. सिरिंजमध्ये राहिलेला हवेचा एक बुडबुडाही एवढ्या मालात प्रमाण बिघडवतो. मी एका गाईडपुरता माल हवा असला तरी तीन-तीन मिलिलिटरपेक्षा कमी कालवत नाही आणि उरलेला टाकून देतो. जिवावर येते, पण इलाज नाही.

धूसरपणा हवेतल्या ओलाव्याचा आहे. जूनअखेरीस रत्नागिरीत, खिडकी उघडी, बाहेर पाऊस; कालवलेल्या मालाने हवेतले बाष्प धरले. दार-खिडक्या बंद करून खोलीत साठ वॅटचा जुना पिवळा दिवा तासभर आधीपासून लावून ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो.

आणखी एक. सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉन चोपडलेले असते आणि चहाच्या काही कागदी कपांना आतून मेणाचा थर असतो. या दोन्हींमुळे इपॉक्सी ठिकठिकाणी मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची मापाची टोपी वापरावी. दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे आणि मग सगळा माल ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरून ओतावा, म्हणजे बुडबुडे निघून जातात आणि कपात साठून राहिल्याने जी उष्णता वाढते ती न वाढता माल जास्त वेळ पातळ राहतो.

माझ्या मते खरवडण्याची गरज नाही. चिकट गाईडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून बरोबर कालवलेला दुसरा हात द्यावा. खालचा थर त्याखाली बंद होतो.


माणगा यांचा प्रतिसाद

तंगूस यांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे, उपायाशी मात्र अर्धाच. नुसता चिकटपणा असेल तर दुसरा हात चालतो. परंतु बोटाचा ठसा उमटून राहत असेल तर खालचा थर मऊ आहे, आणि मऊ थरावर कडक थर बसवला तर रॉड वाकल्यावर वरच्याला तडे जाणार. टोकाकडची गाईडे सगळ्यात जास्त वाकतात. ती दोन काढावीत असेच मी म्हणेन. खाऱ्या पाण्यात तर हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण गाईडच्या पायाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली एक बारीक बोगदा राहतो. तो इपॉक्सीने भरला नाही किंवा त्याला तडा गेला तर खारे पाणी आत शिरते, आणि स्टेनलेस स्टीलचा पायही आतल्या आत गंजतो. वरून काही दिसत नाही. एक दिवस दोऱ्यातून तांबूस डाग वर येतो.

काढण्याची रीत नीट वाचा, कारण ब्लँक इथेच मरतात. केस वाळवण्याच्या यंत्राने गुंडाळी गरम करावी, इतकीच की नखाने इपॉक्सी दबेल. मग पात्याने फक्त गाईडच्या पायाच्या वर, लोखंडावर, काप द्यावा. ब्लँकवर पाते कधीही टेकवू नये. ग्रॅफाइटचे लांब तंतू वरच्या थरात असतात. त्यांवर केसाएवढी चीर गेली तरी मोठा मासा लागल्यावर रॉड बरोबर त्याच रेषेत मोडतो. मी असा एक रॉड मोडला आहे. तेव्हा गळाला गोबरा होता, तोही गेला.

सामन्यांविषयी माझा अनुभव असा की दोरा गुंडाळायला क्रिकेटसारखी सोबत नाही, पण इपॉक्सीला ते वर्ज्य. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यात आपल्या डावाच्या मधल्या षटकांत चौकारच येत नव्हते तेव्हा मी गुंडाळी सुरू केली, आणि ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावा होईपर्यंत मान वर न करता सहा गाईडे संपवली. इतकी सरळ गुंडाळी मला पुन्हा जमलेली नाही.


ओहोटी यांचा प्रतिसाद

इपॉक्सीवर वरची मंडळी बोललीच आहेत. मी गाईडच्या जागेविषयी लिहिते. तक्त्यातले माप दुसऱ्या कुणाच्या रिळाचे आणि दुसऱ्या कुणाच्या हँडलचे असते, म्हणून ते आपल्याला लागू पडेलच असे नाही. स्पिनिंग रिळाची फिरकी ब्लँकला समांतर नसते, ती किंचित वर तोंड करून बसवलेली असते. रीळ रॉडवर चढवा, फिरकीच्या मधोमध जाणारी सरळ रेषा एखाद्या लांब सरळ पट्टीने पुढे वाढवा आणि ती ब्लँकला कुठे मिळते ते पाहून तिथे खूण करा. फिरकीवरून दोरी मोठमोठ्या वेढ्यांनी सुटते. त्या खुणेपाशी पोहोचेपर्यंत हे वेढे आवळून सरळ झालेले असावेत. तिथे लहान कड्याचे गाईड येते, आणि फिरकीच्या कडेपासून त्या गाईडपर्यंत एक निमुळते नरसाळे कल्पून मधली मोठी गाईडे त्या नरसाळ्यात बसवायची. आपले पहिले गाईड फार जवळ आहे, त्यामुळे वेढे मोठे असतानाच त्यांना अरुंद कड्यातून जावे लागते. ते कड्यामागे तुंबतात आणि ब्लँकवर आपटतात. तो फटफट आवाज त्याचाच.

टोकाकडची गाईडे वजन लावून तपासावीत. हँडल घट्ट बांधा, दोरी सगळ्या गाईडांतून ओवून तिला पाण्याची बाटली टांगा. दोन गाईडांच्या मध्ये दोरी ब्लँकची कमान सोडून सरळ जाताना दिसली तर तिथे अंतर जास्त आहे. आणि हे सारे दोरा गुंडाळण्याआधी, गाईडे चिकटपट्टीने लावून करायचे असते. फेकूनही पट्टीवरच पाहायचे. हा सल्ला आता उशिराचा आहे, तरी पहिली दोन-तीन गाईडे फुगवट्यामुळे काढणारच असाल तर संधी आहे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते: ग्रॅफाइटमधून वीज वाहते. माणग्याच्या काठीची सवय असलेल्याला हे लक्षात राहत नाही. विजा चमकत असताना किंवा वरून विजेच्या तारा जात असतील तिथे दहा फुटी रॉड उभा धरू नका.


खाजणवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ३ ऑगस्ट रोजी लिहीत आहे.

टोकाची दोन आणि रिळाकडची तीन गाईडे माणगा यांनी सांगितलेल्या रीतीने काढली. ठसे उमटणाऱ्या गाईडांवरचा दोरा सोलताना खाली इपॉक्सी अजून मधासारखे ओले निघाले, त्यामुळे वरून हात दिला असता तर फसलोच असतो. फिरकीची रेषा वाढवून पाहिल्यावर पहिले गाईड ५५ वरून ७१ सेंटिमीटरवर गेले. चिकटपट्टीवर फेकून पाहिले. आवाज गेला, आणि शिसे जुन्या रॉडच्या बरोबरीने पडले. मधल्या तीन धूसर गाईडांना हात लावलेला नाही, ती कडक आहेत.

फिरवण्यासाठी भंगारवाल्याकडून मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर आणली. तिच्यावर लिहिलेले व्होल्टेज आधी वाचावे, कारण सगळ्याच मोटरी घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या नसतात. मिनिटाला पाच-सहा फेरे होतात. काल दुपारी दारे लावून, दिवा पेटवून, मापाच्या टोपीने तीन-तीन मिलिलिटर कालवले, लावले आणि रॉड मोटरवर चढवला. मग निश्चिंत मनाने कोलंबोचा भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना पाहिला. एक धाव हवी असताना आपले शेवटचे दोन गडी लागोपाठच्या चेंडूंवर गेले आणि २३० वर बरोबरी झाली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, पण रॉड फिरत होता.

एकच शंका राहिली. रात्री दोनदा वीज गेली, आणि परत आल्यावर मोटर प्रत्येक वेळी उलट दिशेने फिरू लागली. त्याने काही बिघडते का?


तंगूस यांचा प्रतिसाद

त्या मोटरींची तीच खोड आहे. सुरू होताना त्या कोणत्याही दिशेने निघतात. इपॉक्सीला दिशेशी काही देणेघेणे नाही. पहिल्या तीन-चार तासांत वीज गेली असेल तर मात्र गाईडांखाली एकदा बोट फिरवून पाहा. वीज गेल्यावर हाताने फिरवला होतात ना?


खाजणवाट (धागाकर्ता)

पहिल्या वेळी मी फिरवला. दुसऱ्या वेळी झोपलो होतो; आईने मेणबत्ती लावून वीस मिनिटे फिरवला, असे सकाळी कळले. गाईडांखाली बोट फिरवले, गुळगुळीत आहे.